फौज काय खात होती

जून १९५८ मध्ये मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावी शिक्षिका म्हणून रुजू झाले. नॉर्मल स्कूलची परीक्षा पास होऊन वर्षही झालं नव्हतं. वय बावीस. शाळा सातवीपर्यंत, आणि अख्ख्या शाळेत बाईमाणूस मी एकटीच. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, पन्नाशीच्या पुढचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. "हे तिन्ही तुम्ही घ्या. गणित मी पाहतो," म्हणाले. गणित मिळालं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्या तीन विषयांत आपल्याला काय येतं, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. पुस्तक होतं, पुस्तकात धडे होते. पुरेसं होतं.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर जुना नकाशा रंगवलेला होता. आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाचा, नागपूर राजधानी दाखवणारा. आम्ही मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष झालं तरी तो तसाच होता. मी भिंतीला चुना लावून घेतला आणि मुलांकडून नवा नकाशा काढवला. कच्छपासून थेट चांद्यापर्यंत पसरलेलं लांबरुंद राज्य. मुलं बाकावर चढून रंग भरत होती तेव्हा खिडकीबाहेरून आवाज आला, "बाई, राज्य बदललं तं नद्याबी सरकल्या का जी?"

बाहेर, खिडकीच्या खालच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. लाल पागोटं, पांढऱ्या मिशा, कानात बाळ्या. हातात अंबाडीचा वाख, त्याची दोरी वळणं चाललेलं. मुलं हसली. मीही हसले. "नद्या तिथंच आहेत, बाबा," म्हटलं. "मंग बरं," म्हणाला आणि पुन्हा दोरी वळू लागला.

तो पाचवीतल्या एका मुलीचा आजा होता. गावापासून दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथून शाळेत येणारी मुलं चार-पाच, त्यात मुलगी ही एकटीच. वाटेत नाला, बाभुळबन, म्हणून आजा तिला रोज घेऊन यायचा. शाळा सुटेपर्यंत परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा तो ओट्यावरच बसून राहायचा. बंडीभर दोरी त्यानं त्या ओट्यावर वळली असेल.

मुलगी उंच, सावळी, बोलायला थोडकी. घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलायची, त्यामुळे सुरुवातीला तिची मराठी अडखळायची. पण भूगोलात तिला कोणी हरवू शकत नव्हतं. अरुणावती, अडाण, पैनगंगा या नद्या ती फळ्यावर अशा काढायची की जणू त्यांच्या काठाने चालून आली आहे. एकदा मी विचारलं, "नदी कुठं उथळ असते?" पुस्तकातलं उत्तर होतं, मैदानी प्रदेशात. ती म्हणाली, "जिथं पात्र रुंद होते आन् गिट्टी दिसते, तिथं. आवाज बी मोठा येते. तिथून बैल उतरवायचे." मी "बरोबर" म्हटलं आणि पुस्तकातलं उत्तर फळ्यावर लिहिलं. तिनं तेही लिहून घेतलं.

हे सगळं ती आजाकडून शिकत होती. त्याच्या बापाच्या काळी त्यांची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून मुलखामुलखातून फिरायचं, हा त्यांच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आजा स्वतः लहानपणी दोन-तीन वर्षं त्या बैलांमागे चालला होता. मग छोटी रेल्वे आली, सडका आल्या, आणि त्यांनी गावाजवळ जमीन धरून शेती सुरू केली. हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. तिनं विचारल्याशिवाय सांगितलं नसतं आणि मी विचारलं नाही.

ती सहावीत आली त्या वर्षी, दिवाळीनंतर, मी मध्ययुगाचा इतिहास शिकवत होते. दिल्लीच्या बादशहाची फौज दख्खनवर चालून आली, हा धडा. मी तो रंगवून सांगायचे. हत्ती, घोडे, तंबू, निशाणं, लाखाची फौज. मुलं तोंडं उघडी ठेवून ऐकायची, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी मी अगदी रंगात आले होते. फौज नर्मदा उतरली, तापी उतरली, वऱ्हाडात शिरली, असं म्हणतेय तोच खिडकीत पागोटं दिसलं. म्हातारा उठून उभा राहिला होता.

"बाई, येक इचारू का?"

"विचारा."

"येवढी फौज खात काय होती जी?"

वर्ग खदखदून हसला. कोणीतरी मागून ओरडलं, "भाकरी!" पुन्हा हशा.

खरोखर, काय खात होती? लाख माणसं, वर घोडे, हत्ती. मला माहीत नव्हतं. धड्यात नव्हतं, नॉर्मल स्कूलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारा थट्टा करत नव्हता. त्याला उत्तर माहीत होतं, ते त्याला सांगायचं होतं, आणि सांगायची परवानगी तो अशा रीतीने मागत होता. हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या वर्गात मुलं हसताहेत.

"पुस्तकात ते दिलेलं नाही," मी म्हटलं. "आणि शिकवणं चालू असताना मध्ये बोलू नका."

"चुकलं जी," म्हणून तो खाली बसला.

दुपारच्या सुट्टीत मी मोठ्या गुरुजींकडे गेले. वर्गात व्यत्यय येतो, असं मी सांगितलं. त्यांना निमित्तच हवं होतं. "गावातले दोघं-तिघं मला बोलले होते," ते म्हणाले. "तांड्यावरचा म्हातारा दिवसभर शाळेशी बसतो, बरं दिसत नाही. त्यात डेप्युटी साहेब तपासणीला येणार." त्यांनी शिपायाला पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या पळसाखाली बसू लागला. तिथून वर्गातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राचा तास होता. सार्वजनिक मालमत्ता हा धडा. विहीर, रस्ता, चावडी, दवाखाना, शाळा, या सगळ्यांच्या आहेत, त्यांची काळजी घ्यावी. मी प्रश्न विचारत होते आणि मुलं एका सुरात उत्तरं देत होती. ती मुलगी उभी राहिली.

"बाई, शाळा सार्वजनिक हाय न?"

"हो."

"मंग माह्या आजाले काहून उठवलं?"

या वेळी कोणी हसलं नाही. पन्नास डोळे माझ्याकडे लागले होते. मी म्हटलं, "खाली बस. तो वेगळा प्रश्न आहे." ती बसली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं वर्गात आपणहून एकही प्रश्न विचारला नाही.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. पेपर मीच काढायचे, मीच तपासायचे. इतिहासात दहा गुणांचा प्रश्न होता: दक्षिणेच्या स्वारीत दिल्लीच्या फौजेला कोणत्या अडचणी आल्या? पुस्तकात चार मुद्दे होते. लांबचं अंतर, डोंगराळ प्रदेश, पावसाळा, स्थानिक लोकांचा विरोध. सगळ्यांनी तेच चार मुद्दे कमीअधिक चुका करून लिहिले.

तिनं दोन पानं लिहिली होती. ती पानं मला अजून दिसतात, वाकड्या पण स्वच्छ अक्षरातली. सगळ्यात मोठी अडचण दाण्याची होती, असं तिनं लिहिलं होतं. फौज आपल्याबरोबर दाणा किती नेणार? तो आमचे लोक नेत. एका बैलावर दोन गोण्या. एका तांड्यात हजारो बैल. ते चरत चरत चालत, म्हणून दिवसाला दोन-तीन कोसच होत. जिथे गवत आणि पाणी नाही तिथून तांडा जात नसे, आणि जिथून तांडा जात नसे तिथून फौजही जाऊ शकत नसे. लढणारे दोन्ही बाजूंचे लोक तांड्याला हात लावत नसत, कारण पोट दोघांनाही होतं. शेवटी तिनं आपल्या मुलखातल्या तीन-चार पडावांची नावं दिली होती, जिथे तांडे पाण्यासाठी थांबत.

मी ते वाचलं आणि मला राग आला. खिडकीतला तो प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवला आहे, असं वाटलं. आता मला कोणी हसत नव्हतं, खोलीत मी एकटी होते, तरी कान तापले. मी दोन्ही पानांवर तिरपी रेघ मारली. समासात लिहिलं, "पुस्तकातील उत्तर लिहावे." आणि शून्य दिलं.

पासाला पस्तीस लागत. तिचे तीस झाले. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती.

निकालाच्या आदल्या दिवशी मोठ्या गुरुजींनी तक्ता पाहिला. म्हाताऱ्याला उठवणारे तेच, पण ते म्हणाले, "बाई, पाच गुणांचं काही जमतं का पहा. तांड्यावरून एवढी एकच पोरगी आली आहे."

"नियम सगळ्यांना सारखा असावा," मी म्हटलं. "एक वर्ष पुन्हा बसली तर पक्की होईल."

त्यांनी सही केली.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही भिंतीवरचा नकाशा पुन्हा पुसला. गुजरात गेला, भिंत मोकळी झाली. हजेरी घेताना मी तिचं नाव रोज पुकारत होते आणि रोज गैरहजर मांडत होते. पळसाखाली कोणी नव्हतं. पंधरा दिवसांनी तांड्यावरच्या एका मुलाला विचारलं. "थे नाई येत आता," तो म्हणाला.

एका रविवारी मी तांड्यावर गेले. दोन वर्षं त्या गावात राहून तिकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. चिखलातून चालताना मला कळलं की ती रोज केवढं चालत होती. म्हाताऱ्यानं मला दुरून ओळखलं. लगबगीनं बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. सुनेला हाक मारून दूध गरम करायला सांगितलं. स्वतः मात्र खाली जमिनीवर बसला. मी वर बसा म्हटलं तर हात जोडले.

"मुलीला का पाठवत नाही?" मी विचारलं.

"कायले पाठवू जी? नापास झाली." तो म्हणाला. "तिची चूक नाई बाई. चूक माही हाय. म्या तिच्या डोक्यात भलतंच भरलं. जुन्या गोष्टी. मले वाटलं, शाळेत बी थेच शिकवत असतीन. थे पुस्तकात नाई हे मले काय मालूम?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. 'तुमची चूक नाही, मला माहीत नव्हतं, मी तुम्हाला विचारायला हवं होतं,' असं काहीही. पण मी मुलीला परत न्यायला आले होते, उपकार करायला आले होते, आणि माझ्या हातात दुधाचा पेला होता. मी म्हटलं, "परीक्षेत पुस्तकातलंच लिहायला पाहिजे, बाबा. घरच्या गोष्टी लिहून कसं चालेल?"

"खरं हाय जी," तो म्हणाला. मान खाली घातली.

मुलगी घरातच होती. दाराच्या आत पाटा-वरवंट्याचा आवाज चालू होता. मी हाक मारली. आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही. तिच्या आईनं सांगितलं, पुसदकडच्या एका तांड्यावर सोयरीक ठरली आहे. मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे चार वाक्यं बोलले. सगळ्यांनी ती आदरानं ऐकून घेतली. मग म्हातारा मला नाल्यापर्यंत सोडायला आला. नाला भरला होता. त्यानं काठीनं पाणी चाचपलं आणि मला म्हणाला, "इथून नोका जाऊ, थे तिकडून उतरा, तिथं गिट्टी हाय." मी तिकडून उतरले.

पुढची चार वर्षं मी तो धडा तसाच शिकवला. चार मुद्दे.

१९६४ च्या उन्हाळ्यात यवतमाळला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. आम्ही चाळीसेक जण होतो. इतिहास शिकवायला एक वृद्ध प्राध्यापक आले होते. मध्ययुगातल्या लढायांबद्दल बोलता बोलता ते म्हणाले की आपण तलवारी शिकवतो, पण फौजा चालतात पोटावर, आणि या देशातल्या मोठमोठ्या फौजांना शेकडो वर्षं धान्य पुरवलं ते बंजाऱ्यांच्या बैलांनी. किती बैल, कसे चालत, दोन्ही पक्ष त्यांना का जपत, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातात टिपणांचा कागद होता. त्यातली निम्मी वाक्यं मी आधी वाचलेली होती. तिरपी रेघ मारून.

शेजारच्या बाई भराभर लिहून घेत होत्या. त्यांनी मला कोपरानं हलवलं. "लिहीत नाही का? पेपरात येईल."

गावी परतल्यावर ताबडतोब तांड्यावर जायचं मी ठरवलं. मग शाळा सुरू झाली. मग पाऊस लागला. मग सहामाही आली. खरं कारण यांतलं एकही नव्हतं. त्या बाजेवर बसून काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. संक्रांतीनंतर एकदाची गेले तर घरासमोर अनोळखी माणसं उभी दिसली. म्हातारा कार्तिकात वारला होता. ज्यानं सांगितलं तो त्याचा पुतण्या होता. "बाई आल्या, चहा टाका," असं तो आत म्हणाला, पण मी थांबले नाही.

१९६६ मध्ये माझी बदली पुसद भागात झाली. दोनेक वर्षांनी, एका बाजाराच्या दिवशी, दुपारी मी पुसदच्या मोटारस्टँडवर बसची वाट पाहत होते. एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घेरदार लाल घागरा, फेटिया म्हणतात तो, हातभर बलोयांच्या पांढऱ्या चुड्या, कडेवर लहान मूल.

"बाई, तुमी दारव्ह्याकडच्या न?"

आवाज ऐकला आणि ओळखलं. ती माझ्याशेजारी बाकावर टेकली. तीन मुलं झाली होती. नवऱ्याचं वावर होतं, कापूस आणि तूर. सासू बरी होती. ती हसून बोलत होती, आणि मला वाटलं, सगळं ठीक आहे, आपण उगाच इतकी वर्षं ओझं वाहिलं. मी तिच्या थोरल्या मुलीची चौकशी केली. शाळेत घातलं का?

"घातलं. पण मी ढ होती न बाई, तं थे बी तशीच निघते का म्हणून भेव लागते."

"तू ढ नव्हतीस," मी म्हटलं. आणि मग थांबता आलं नाही. त्या उत्तराचं सांगितलं. ते बरोबर होतं, मोठ्या प्राध्यापकांनीही तेच सांगितलं, मला त्या वेळी माहीत नव्हतं, मी रागानं शून्य दिलं. मोठे गुरुजी पाच गुण द्या म्हणत होते आणि मी दिले नाहीत, हेही सांगितलं. ते सांगायची मला गरज नव्हती. तिला ते कधीच कळलं नसतं.

तिचं हसू गेलं. मूल चुळबुळत होतं, त्याला तिनं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मालूम नोतं तं इचारायचं होतं," ती म्हणाली. "आजा तं थ्या खिडकीखालीच बसे."

तिच्या सरकलेल्या पिशव्या मी बाकाजवळ ओढून घेतल्या.

"आजानं मंग गोष्टी सांगणंच सोडलं, बाई. माह्या लहान भावांनी लय हट्ट केला, तरी नाई सांगतल्या. म्हणे, पुस्तकात नाई थे खोटं असन. लेकरायचं नुकसान होते. माह्या लग्नात मानसं आजाले म्हणे, नायक, येक गोष्ट होऊ द्या. उठून गेला."

ती हे रडत सांगत नव्हती. भाव, बाजार सांगावा तसं सांगत होती. मी विचारलं, तुला त्यातलं काही आठवतं का? मी येईन, लिहून घेईन.

तिनं बराच वेळ विचार केला. मग दोन पडावांची नावं सांगितली. तिसरं ओठांवर आलं आणि गेलं. "नाई आठवत," म्हणाली. "थेच लिहिलं होतं न म्या पेपरात? तुमच्यापाशी असन थो पेपर."

तपासलेले पेपर आम्ही दर दोन वर्षांनी जाळायचो. मी तिला तसं सांगितलं.

तेवढ्यात तिची बस लागली. गर्दी धावली. तिनं पिशव्या उचलल्या, मूल खांद्यावर टाकलं. वाकून माझ्या पायांना हात लावू लागली, मी तिचे हात धरले. "असू द्या बाई, मास्तरीन होत्या तुमी माह्या," म्हणाली आणि गर्दीत घुसली. खिडकीजवळ जागा मिळाली तिला. बस निघेपर्यंत ती मुलाला पाणी पाजत होती. माझ्याकडे पाहायला तिला सवड झाली नसावी, किंवा तिला पाहायचं नव्हतं. मी दोन्ही शक्यता अजून घोळवते.

पुढे मी आणखी बरीच वर्षं तेच तीन विषय शिकवले. बादशहाच्या स्वारीचा धडा आला की दाणागोट्याची, बैलांची, तांड्यांची माहिती मी न चुकता सांगायचे. मुलांना आवडायची. डेप्युटी साहेबांनी एकदा शेऱ्यात लिहिलं, बाईंचा व्यासंग उल्लेखनीय आहे. ही माहिती कुठून मिळाली, असं त्यांनी मला वर्गासमोर विचारलंही होतं. मी प्रशिक्षणातल्या प्राध्यापकांचं नाव सांगितलं.